पाहुणा हें आंतरपीक, मुख्य पीक नव्हे

सेंद्रिय आंबाबागेंत शहरांतील कुटुंबांस चार दिवस विसाव्यासाठीं ठेवून घेण्याचा जोडधंदा कोंकणांत अलीकडे बराच वाढला आहे. बारामतीकडे कृषिपर्यटनाचा संघटित प्रयोग २००५ सालीं सुरू झाला आणि २०२० सालीं महाराष्ट्र सरकारनें त्याकरितां स्वतंत्र धोरण मंजूर केलें. तेव्हां हा धंदा करावा कीं न करावा, हा वाद आतां शिळा झाला. तो बागेस पोसतो कीं बागेस खातो, हाच खरा प्रश्न होय.

सेंद्रिय बागायतदाराची अडचण प्रथम लक्षांत घेतली पाहिजे. हापूस जात्याच वर्षाआड फळणारा. दरसाल मोहोर यावा म्हणून पुष्कळ बागांतून झाडांच्या बुंध्याशीं पॅक्लोब्युट्राझोल घालतात; सेंद्रिय शेतींत तें वर्ज्य आहे. शिवाय प्रमाणपत्र मिळण्यापूर्वीं फळबागेस सामान्यतः ३ वर्षांचा संक्रमणकाळ काढावा लागतो. त्या काळांत रसायनें बंद, उत्पन्न उणें, आणि माल मात्र साध्या भावानेंच विकावयाचा! अशा वेळीं पाहुण्यांकडून येणारे चार पैसे हातीं असले, तर मोहोर दिसतांच बाग मक्त्यानें देऊन टाकण्याची पाळी येत नाहीं. आंतरपिकाचें काम तें हेंच.

परंतु आंतरपीक माजलें तर मुख्य पिकाच्या तोंडचें पाणी पळवतें. येथें हें अक्षरशः खरें आहे. कोंकणांत वर्षास सुमारें ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तरी जांभ्या दगडाच्या जमिनींत तो ठरत नाहीं व मे महिन्यांत विहिरी तळ गाठतात. शाळांची सुट्टी आणि आंब्याची तोडणी नेमकी त्याच वेळीं येते. मग गड्यानें झेला घेऊन झाडाकडे जावें कीं पाहुण्यांच्या खोल्या झाडाव्या? उरलेलें पाणी नव्या कलमांस द्यावें कीं स्नानगृहांस? पाहुण्यांस बाग स्वच्छ दिसावी म्हणून पालापाचोळा गोळा करून जाळणारे बागायतदारहि आहेत. ज्या आच्छादनावर सेंद्रिय बागेचा ओलावा व कस अवलंबून, तेंच ते जाळतात!

कोणी म्हणतील, आंबा बेभरंवशाचा. त्यापेक्षां खोल्याच वाढवाव्या. त्यांनीं २०२० साल आठवावें. मार्चमध्यें टाळेबंदी झाली आणि पाहुणे एकाएकीं बंद झाले. ३ जूनच्या निसर्ग वादळानें रायगड व उत्तर रत्नागिरींतील बागांची धूळधाण केली. केवळ खोल्यांवर किंवा केवळ झाडांवर भिस्त ठेवणारा त्या सालीं सारखाच उघडा पडला. आधार दोन हवेत, पण त्यांची पायरी ठरलेली हवी.

म्हणून आमचें सांगणें असें कीं, खोल्यांची संख्या बँकेच्या कर्जावरून न ठरवितां विहिरीच्या मे महिन्यांतील पाण्यावरून ठरवावी. तोडणीच्या दिवसांत पाहुणे थोडे घ्यावे. पावसाळ्यांत व हिंवाळ्यांत अधिक बोलवावे. दोन्ही धंद्यांचे हिशेब निराळे लिहावे, आणि पाहुण्यांच्या उत्पन्नाचा ठरीव हिस्सा खत व आच्छादन यांकडे आधीं वळवावा. पालापाचोळा कां ठेवला आहे, हें आलेल्या माणसास समजावून द्यावें. तें ज्यास पटेल तो पुढल्या सालीं आंब्याची पेटी आपल्याचकडून मागवील. आणि ज्यास केवळ हिरवळ व तलाव हवा, त्याच्यासाठीं बाग कशाला हवी?