मालकी कोणाची?

गेल्या आंबिया बहाराच्या तोडणीच्या दिवसांत पांढुर्ण्याहून सौसरला भाचीकडे जाण्याचा योग आला. घरी पोहोचलो तो सारी मंडळी चिंतातुर. दुसऱ्या दिवशी सकाळी संत्र्याचा व्यापारी सौद्याचा हिशेब पुरा करण्यास येणार होता, आणि उचल किती दिली, माल किती गेला, याची सारी नोंद संगणकात अडकून पडली होती. पूर्वी हा हिशेब लाल बांधणीच्या वहीत असे. वही कोणीही उघडावी. यंत्राचे तसे नाही.

यंत्र जुने. त्यावर लिनक्स ही हलकी प्रणाली घातलेली. सुरू होताच काळ्या पडद्यावर अक्षरे येत. मग भाची ‘स्टार्टएक्स’ ही आज्ञा टंकी आणि चित्रमय पडदा उघडे. पडद्यावर खिडक्या मांडणारी ही ‘एक्स’ नावाची व्यवस्था १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जन्मली. आता मात्र आज्ञा दिली की पडदा क्षणभर लुकलुके आणि पुन्हा काळा होई. वर एक ओळ उमटे : ऑथॉरिटी फाईल लिहिण्याजोगी नाही.

“मामाजी, पासवर्ड तर बरोबरच आहे. दहादा टाकून पाह्यला.”

“त्याआधी काही वेगळे केले होतेस काय?”

थोडे आढेवेढे घेऊन तिने सांगितले. दोन दिवसांपूर्वी पडदा उघडण्यास किरकोळ अडचण आली, तेव्हा कोणीतरी सुचविले की आज्ञेच्या आधी ‘सुडो’ लाव. तिने लावले, पडदा उघडला, हिशेबही लिहून झाला. त्यानंतर हा प्रकार.

रोगाचे मूळ येथेच होते. ‘सुडो’ म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी जो ‘रूट’, त्याच्या नावाने काम करणे. एक्स सुरू होताना घरच्या फोल्डरात, नावाच्या आरंभी टिंब असलेली ‘एक्सऑथॉरिटी’ ही फाईल लिहिली जाते. तिच्यात एक गुप्त खूण असते. ती खूण दाखविणाऱ्या कार्यक्रमालाच पडद्यावर प्रवेश मिळतो. रूटच्या नावाने पडदा उघडला, तेव्हा ही फाईल रूटच्या मालकीची झाली. आता भाचीला स्वतःच्याच घरातील खूण लिहिता येईना, वाचताही येईना. शेत आपण कसावे आणि खसऱ्यात नाव दुसऱ्याचे चढावे, तशातली गत!

अशा वेळी पुन्हा ‘सुडो’ लावून पडदा उघडण्याचा मोह होतो. तो टाळावा. त्या बैठकीत लिहिलेली प्रत्येक नवी फाईल रूटच्याच नावे चढते आणि गुंता वाढतो. सर्व फाईली सर्वांना खुल्या करण्याचा सल्लाही काही जण देतात. तो घराला दारच न ठेवण्यासारखा आहे.

आम्ही प्रथम पाहणी केली. एल-एस ही आज्ञा, त्यापुढे जागा सोडून आडवी रेघ आणि एल-ए ही अक्षरे, सारी लहान लिपीत. पडद्यावर फाईलींची यादी आली. तिच्या तिसऱ्या रकान्यात मालकाचे नाव असते. एक्सऑथॉरिटीसमोर ‘रूट’ होतेच. पण त्या संध्याकाळच्या हिशेबाच्या फाईलीसमोरही तेच नाव होते. म्हणजे पडदा उघडता तरी हिशेबात नवी नोंद जतन झाली नसती.

मग उपाय. ‘सुडो’चे खरे काम या ठिकाणी : मालकी परत करण्यापुरते. मालक बदलण्याची आज्ञा सी-एच-ओ-डब्ल्यू-एन या अक्षरांची. तिच्यापुढे स्वतःचे नाव आणि मग फाईलीचे नाव द्यावयाचे. दोन्ही फाईली भाचीच्या नावे केल्या. ‘सुडो’शिवाय ‘स्टार्टएक्स’ टंकले, आणि पडदा उघडला. तिच्या आईने देवाजवळ साखर ठेवली!

वाचकांपैकी कोणावर हा प्रसंग आल्यास एक सावधगिरी बाळगावी. मालकी बदलणे आपल्या घरच्या फोल्डरापुरतेच करावे. यंत्राच्या मूळ फाईली रूटकडेच असू द्याव्यात, अन्यथा सारे यंत्रच बंद पडेल. यादीत मालक योग्य दिसूनही पडदा न उघडल्यास डी-एफ या आज्ञेने डिस्क भरली आहे काय ते पाहावे. जागा नसली तरी खुणेची फाईल लिहिली जात नाही.

सकाळी व्यापारी आला, हिशेब जुळला. तो गेल्यावर भाचीने कपाटातून जुनी लाल वही काढली आणि महिन्याची बेरीज तिच्यातही उतरवून ठेवली. ते मला अधिक आवडले.