मुक्कामी प्रशिक्षक

१७ डिसेंबर २०१४. फातोर्ड्याच्या मैदानावर एफसी गोवा आणि ॲटलेटिको दी कोलकाता यांची इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) उपांत्य फेरीतली दुसरी लढत होती. कोलकात्याला झालेल्या पहिल्या लढतीत गोल नव्हता, इथे नव्वद मिनिटांत नाही, जादा वेळेतही नाही. पेनल्टी शूटआउटमध्ये कोलकात्याने ४-२ अशी बाजी मारली आणि तीन दिवसांनी तो संघ अंतिम सामन्यासाठी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर उतरला. त्या रात्री दोन चेंडू इकडचे तिकडे झाले असते, तर आमच्या सारसोळ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, अंतिम सामन्याच्या टचलाइनशेजारी गोव्याचा प्रशिक्षक झिको उभा दिसला असता.

आता त्या स्टेडियमचं नाव काढलं की लोकांना कोल्डप्ले आठवतं, नाहीतर २ नोव्हेंबर २०२५ ला तिथे भारतीय मुलींनी जिंकलेला क्रिकेटचा विश्वचषक. ते बरोबरच आहे. पण हे मासिक फुटबॉल शिकवणाऱ्यांचं आहे, आणि नेरूळचा तो अंतिम सामना थोडक्यात हुकलेल्या त्या माणसाकडून आपल्याला काय घ्यायचं, याचा हिशेब अजून नीट झालेला नाही.

त्याचं खरं नाव आर्थर अँतुनेस कोइंब्रा. जन्म ३ मार्च १९५३, रिओच्या क्विंटिनो वस्तीतला. फ्लेमेंगो क्लबात आला तेव्हा हाडकुळा पोरगा होता. ‘क्विंटिनोचा छोटा कोंबडा’ हे त्याचं टोपणनाव पुढे जगभर गेलं. पाय अफलातून, पण अंगात जोर नाही. आपल्याकडे अशा मुलाला निवड चाचणीत घरी पाठवतात. ‘पुढच्या वर्षी ये’ म्हणतात आणि पुढच्या वर्षी नाव विसरतात. फ्लेमेंगोने त्याला ठेवून घेतलं, आणि त्याचं खाणं, त्याचे व्यायाम, त्याची वाढ यांवर वर्षानुवर्षं काम केलं. १९६७ मध्ये चौदाव्या वर्षी आलेला हा मुलगा १९७१ मध्ये पहिल्या संघात खेळला आणि १९८१ मध्ये टोकियोत लिव्हरपूलला ३-० असं हरवणाऱ्या संघाचा मेंदू ठरला. खेळाडू झिकोबद्दल याहून जास्त सांगायची गरज नाही. १९८२ चा तो ब्राझील संघ, १९८६ मध्ये फ्रान्सविरुद्ध चुकलेली पेनल्टी, सगळं तुम्हाला पाठ आहे. (त्याच सामन्याच्या शूटआउटमध्ये त्याने स्वतःची पेनल्टी बिनचूक मारली होती. ते मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.)

प्रशिक्षक म्हणून त्याचा प्रवास बघताना विजेतेपदं मोजायची सवय आपल्याला आहे. मोजायचीच तर २००४ चा आशिया चषक जपानसाठी, २००६-०७ ची तुर्की लीग फेनरबाचेसाठी, पुढच्याच हंगामात त्याच क्लबाला चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेणं, मग ताश्कंद, मॉस्को, अथेन्स, इराक, कतार. भारताशी त्याची गाठ गोव्याच्या आधीच पडली होती: २००४ मध्ये विश्वचषक पात्रता फेरीत त्याच्या जपानने आपल्याला सायतामात ७-० आणि कोलकात्यात ४-० असं धुतलं होतं.

पण यादीपेक्षा मला दोन सामन्यांचा शेवट शेजारी शेजारी ठेवून बघावासा वाटतो. १२ जून २००६, कैसरस्लाउटर्न. जपान ८३ व्या मिनिटापर्यंत ऑस्ट्रेलियाविरुद्ध १-० ने पुढे. मग केहिलचे ८४ आणि ८९ व्या मिनिटाला दोन गोल, भरपाईच्या वेळेत अलोइसीचा तिसरा. आठ-नऊ मिनिटांत सामना हातचा गेला. आता २० डिसेंबर २०१५, फातोर्डा. आयएसएलचा अंतिम सामना, समोर चेन्नईयिन. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेच्या फ्री किकवर गोवा २-१ ने पुढे. ९० व्या मिनिटाला गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टिमणीच्या हातून स्वयंगोल, ९२ व्या मिनिटाला चेन्नईयिनचा मेंडोझा. ३-२. मैदानावर स्मशानशांतता.

एकाच प्रशिक्षकाच्या दोन संघांच्या बाबतीत नऊ वर्षांच्या अंतराने असं घडतं, तेव्हा त्याला नुसतं नशीब म्हणून सोडून देऊ नये. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ७९ व्या मिनिटाला त्याने आघाडीचा यानागिसावा काढून ओनो हा मिडफिल्डर घातला. चेंडू पायाशी ठेवून सामना संपवू, हा त्यामागचा विचार उघड दिसतो. समोर ऑस्ट्रेलियाचा प्रशिक्षक हिडिंक उंच माणसं पुढे पाठवत होता. चेंडूवर अतोनात विश्वास असलेला माणूस शेवटच्या दहा मिनिटांतही चेंडूवरच भरवसा ठेवतो. हा स्वभाव खेळाडूला थोर करतो आणि प्रशिक्षकाला कधी कधी महाग पडतो. आपल्यातले जे स्वतः चांगले खेळायचे, त्यांनी हे जरा मनाला लावून घ्यावं.

मला सांगायचं आहे ते मात्र याच्या पलीकडचं आहे, आणि त्यासाठी कॅलेंडर उघडावं लागतं. आयएसएलचा पहिला हंगाम १२ ऑक्टोबर ते २० डिसेंबर २०१४. दुसरा ३ ऑक्टोबर ते २० डिसेंबर. तिसरा १ ऑक्टोबर ते १८ डिसेंबर २०१६. झिकोची गोव्यातली ‘तीन वर्षं’ एकत्र केली तर स्पर्धेचे जेमतेम साडेसात महिने भरतात. त्यातही पहिल्या हंगामात रोमिओ फर्नांडिस, मंदार राव देसाई हे डेंपोकडून उसने आलेले. डिसेंबर संपला की दुसरा क्लब, दुसरा प्रशिक्षक, दुसरी पद्धत. २०१६ मध्ये तर डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा या तिघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं, म्हणजे परत जायची घरंच बंद झाली. त्याच हंगामात झिकोचा गोवा तळाला राहिला आणि २०१७ च्या सुरुवातीला तो गेला.

याच्या शेजारी जपानमधलं काशिमा ठेवा. १९९१ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, आधी निवृत्त होऊन ब्राझील सरकारात क्रीडा खात्याचा कारभार बघून आलेला हा माणूस सुमितोमो मेटल्स या पोलाद कंपनीच्या, दुसऱ्या श्रेणीतल्या संघात खेळायला गेला. गाव लहान, कारखान्याचं. तिथे तो राहिला. बुटांची निगा कशी राखायची इथपासून त्याने शिकवलं. १६ मे १९९३ ला, नव्या जे-लीगमधल्या काशिमा अँटलर्सच्या पहिल्या सामन्यात, नागोयाविरुद्धच्या ५-० विजयात चाळिशीतल्या झिकोची हॅटट्रिक होती. देवमाणूस होता असं नाही. जानेवारी १९९४ च्या अंतिम लढतीत प्रतिस्पर्ध्याला मिळालेल्या पेनल्टीच्या चेंडूवर थुंकल्याबद्दल गुरुजींना बाहेर काढलं होतं. तरी आज जपानमध्ये सगळ्यात जास्त लीग विजेतेपदं त्याच क्लबाच्या नावावर आहेत आणि स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे. माणूस तोच, ज्ञान तेच. फरक मुक्कामाचा.

कुणी म्हणेल, फेनरबाचेत तो दोनच हंगाम होता, तरी जिंकलाच की. खरं आहे. तयार खेळाडू हाती असले की दोन हंगामांत चषक येतो. पण खेळाडू घडवायचा असेल तर दोन हंगाम कमी पडतात, आणि आपण सगळे त्याच धंद्यात आहोत.

हे ओळखलेला दुसरा ब्राझिलियन आपल्या शहरातच शिकवायला आला, आणि त्याच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. पोर्तो अलेग्रेचा होजे रामिरेझ बारेटो १९९९ मध्ये मोहन बागानकडे आला. मधल्या काळात तो मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडून खेळला, पुन्हा बागानला गेला, २०१२ पर्यंत तिथे राहिला. कोलकात्याने त्याला ‘सबुज तोता’, हिरवा पोपट, म्हणून डोक्यावर घेतलं. अशा माणसाला टीव्हीवर बसणं सोपं होतं. तो नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्सच्या निवासी अकादमीत मुलांना शिकवायला आला. तिथून मुहम्मद नेमिलसारखी मुलं पुढे आयएसएल क्लबांत गेली, पण ती लहान असताना रोज सकाळी त्यांच्यासोबत उभं राहण्याची बातमी होत नाही. घणसोलीहून सारसोळ्यापर्यंत ठाणे-बेलापूर पट्ट्यात शिकवणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी त्याचं एखादं सत्र जाऊन बघितलंय, हा प्रश्न मी आधी स्वतःलाच विचारतो.

निवासी अकादमी ही चैन आपल्याकडे नाही, हे मान्य. आपल्याकडे महिन्याची फी आहे. जूनमध्ये मैदानात पाणी साचतं, मार्चमध्ये परीक्षा, मे महिन्यात निम्मी बॅच गावी. कोळीवाड्यातला पोरगा जेट्टीवर बापाला जाळी उतरवायला मदत करून संध्याकाळी उशिरा येतो आणि सोसायटीतला मुलगा ट्यूशनसाठी लवकर जातो. दोन वर्षांनी दोघंही तुमच्याकडे नसतात. पुढचा प्रशिक्षक त्यांना पुन्हा इनस्टेपपासून सुरू करायला लावतो, कारण तुम्ही कुठवर आणलं होतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. आपण रोमिओ आणि मंदारचं जे झालं तेच रोज करतो, फक्त त्याची हळहळ कुणाला वाटत नाही.

कट्टिमणीचं पुढे काय झालं तेही नोंदवायला हवं. त्या २०१५ च्या अंतिम सामन्यात स्वयंगोलाआधी त्याने दोन पेनल्टी अडवल्या होत्या. एकीवर परतलेल्या चेंडूने गोल झाला इतकंच. २० मार्च २०२२ ला, त्याच फातोर्ड्यावर, हैदराबादकडून खेळताना त्याने अंतिम सामन्याच्या शूटआउटमध्ये केरळच्या तीन पेनल्टी अडवल्या आणि चषक जिंकून दिला. मधल्या सहा वर्षांत त्याच्यावर काम केलेल्या गोलरक्षक-प्रशिक्षकांची नावं कुठल्याच मथळ्यात आली नाहीत.

या अंकापासून मधलं एक पान कापून काढण्याजोगं छापतो आहोत. एका मुलामागे एक पान. त्याने क्लब बदलला की ते त्याच्यासोबत द्यायचं, आणि फी बाकी असली तरी द्यायचं. दर तीन महिन्यांची उंची आणि वजन, कमकुवत पाय कुठवर आला, डोक्याने खेळताना डोळे मिटतो का, कोणती दुखापत कधी झाली, घरी न्यायला कोण येतं. ‘स्वभाव’ असा रकाना ठेवावा असं दोघा-तिघांनी सुचवलं होतं. तो गाळला, कारण आपण तिथे शेरे मारतो. सगळ्यात मोठी जागा खालच्या रकान्याला दिली आहे: ‘माझ्याकडे अर्धवट राहिलेलं’.