घड्याळजीची आई

गेल्या महिन्यात 'हीरोज'चा पहिला सीझन पुन्हा पाहिला. सगळेच्या सगळे 23 भाग, पंधरा दिवसांत. पहिल्यांदा पाहिला तेव्हा आम्ही न्यू जर्सीत होतो आणि तो एनबीसीवर दर सोमवारी रात्री लागायचा, 25 सप्टेंबर 2006 ते 21 मे 2007. त्या काळात सोमवारी रात्री नऊनंतर घरी फोन आला तर मी उचलत नसे. (आत्या, आता कळलं ना का ते?) या वेळी मात्र एकोणीस वर्षांची लेक शेजारी बसली होती, आणि त्यामुळे सगळी मालिकाच मला वेगळी दिसली.

ज्यांना अजून पाहायची आहे त्यांनी इथेच थांबावं, कारण पुढे मी सगळं सांगून टाकणार आहे.

तर, ज्यांनी पाहून वीस वर्षं झाली त्यांच्यासाठी थोडक्यात. जगात ठिकठिकाणी साध्यासुध्या माणसांना अचानक शक्ती मिळतात. टेक्सासमधल्या क्लेअर नावाच्या चीअरलीडरला कितीही लागलं तरी जखम भरून येते. लॉस एंजलिसच्या एका पोलिसाला दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येतं. आयझॅक नावाचा व्यसनी चित्रकार भविष्य रंगवतो, आणि त्याच्या चित्रात न्यूयॉर्क स्फोटात उडालेलं असतं. तो स्फोट थांबवायचा, ही गोष्ट. ना अंगरखे, ना मुखवटे. 'आयर्न मॅन' 2008चा, म्हणजे आजची सुपरहीरोंची जत्रा तेव्हा भरायची होती.

पहिल्यांदा पाहताना माझं सगळं लक्ष स्फोटाकडे होतं. कोण उडणार, कोण वाचवणार. या वेळी शेवट माहीत असल्यामुळे तो ताण नव्हता, आणि मग दिसला तो घड्याळजी.

गेब्रियल ग्रे. न्यूयॉर्कमध्ये घड्याळं दुरुस्त करणारा, चष्मेवाला, मान खाली घालून काम करणारा माणूस. हाच पुढे सायलर होतो आणि लोकांची डोकी उघडून त्यांच्या शक्ती घेत सुटतो. झॅकरी क्विंटोने हे काम केलंय, आणि काय केलंय! दहाव्या भागात त्याची सुरुवात दाखवली आहे. चंद्रा सुरेश हा मद्रासचा शास्त्रज्ञ त्याच्या दुकानात येतो आणि सांगतो, तू वेगळा आहेस. चाचण्यांत काहीच सापडत नाही. झालं. एकदा कुणीतरी 'वेगळा' म्हटल्यावर नुसता घड्याळजी म्हणून राहणं त्याला जमत नाही. त्याचा पहिला बळी कोण, तर वस्तू न शिवता हलवू शकणारा एक घाबरलेला माणूस, ज्याला ती शक्ती नकोच आहे. तो ती काढून टाकायला आलेला असतो! हे माझ्या आधी लक्षातच आलं नव्हतं.

आणि याच्या बरोबर उलट हिरो नाकामुरा. तोही टोकियोतल्या एका ऑफिसात टेबलाला चिकटलेला, कंटाळलेला, आपण कुणीतरी विशेष असावं असं वाटणारा. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा तो नुसत्या इच्छेने एक सेकंद मागे नेतो आणि ऑफिसभर नाचतो. एक घड्याळ दुरुस्त करणारा, एक घड्याळ थांबवणारा. दोघांची भूक एकच. मग एक खुनी आणि दुसरा इतका गोड का?

मला वाटतं उत्तर घरात आहे. हिरोच्या वडिलांना पोरगा घरच्या कंपनीत हवाय. ते त्याला परत न्यायला अमेरिकेत येतात, आणि तो बहिणीला पुढे करून म्हणतो, ही माझ्यापेक्षा हुशार आहे, हिला द्या. बाप रागावतो, पण ऐकतो. गेब्रियलच्या घरी असं काही होत नाही. एकविसाव्या भागात, 7 मे 2007चा तो, सायलर आईकडे जातो. काचेच्या गोळ्यात बर्फ पडणाऱ्या खेळण्यांनी भरलेलं तिचं घर. आपल्या हातून लाखो माणसं मरणार हे त्याला कळलंय आणि तो घाबरलाय. तो आईला विनवतो की मी साधा घड्याळजी राहिलो तर चालेल, एवढं म्हण. आणि ती म्हणत नाही! तिच्या मते तो काहीही होऊ शकतो, अगदी राष्ट्राध्यक्षसुद्धा. ती वाईट बाई नाही हो. तिच्या डोळ्यांत प्रेमच आहे. पण तिला समोर बसलेला मुलगा दिसत नाहीये, तो जो होऊ शकेल तोच दिसतोय. मग तो तिला खूश करायला घरात बर्फ पाडून दाखवतो, ती आधी हरखते, मग घाबरते, झटापट होते आणि कात्री तिच्या छातीत जाते.

लेक पाय वर घेऊन बसली होती. पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "आई, हे तू बोलतेस."

मी म्हटलं, काहीतरीच काय. पण मी बोलते. दहावीला बोलले, बारावीला बोलले, तिने सायन्स सोडलं तेव्हा तर रोज बोलले. 'तू काहीही करू शकतेस गं.' मला ते कौतुक वाटायचं. तिला काय वाटायचं ते मी कधी विचारलंच नव्हतं. त्या रात्री पुढचा भाग लावला नाही.

याच प्रसंगात अजून एक गोष्ट आहे. हिरो त्याच घरात असतो. काळ थांबवून, तलवार उगारून, सायलरच्या पाठीशी. एक वार केला की न्यूयॉर्क वाचणार. आणि त्याचा हात थबकतो, कारण समोरचा माणूस रडतोय. दोघं सारखे होते म्हणून थबकला असेल का? मालिका काही सांगत नाही. तलवार मात्र मोडते.

म्हणूनच मला या सीझनचे खरे हीरो वाटतात ते शक्ती नसलेले. क्लेअरचे वडील मिस्टर बेनेट, जाड चौकटीच्या चष्म्याचे, बाहेरून कागदाच्या कंपनीत नोकरी, आतून भलतेच उद्योग. सतराव्या भागात ते आपल्या सहकाऱ्याकडून स्वतःवर गोळी झाडून घेतात आणि स्वतःच्या आठवणी पुसायला लावतात, म्हणजे मुलगी कुठे आहे हे कुणी त्यांच्याकडून काढून घेऊ नये. मुलगी दत्तक आहे. तिने काय व्हावं याबद्दल ते एक शब्द बोलत नाहीत, ती असावी एवढंच. आणि तिकडे लिंडरमन नावाचे गृहस्थ शांतपणे हिशेब मांडतात की स्फोटात जगाची फक्त 0.07 टक्के लोकसंख्या जाईल आणि उरलेलं जग सुधारेल. टक्क्यांत बोलणाऱ्या माणसांची मला तेव्हापासून भीती वाटते.

दुसरा आंडो, हिरोचा मित्र. एकही शक्ती नाही. तरी दुकानातून तलवार विकत घेऊन एकटा सायलरवर चालून जातो. वेडाच!

बाकी सगळं काही छान नाही. निकी आणि तिच्या आरशातल्या दुसऱ्या रूपाचं प्रकरण तेव्हाही ताणलेलं वाटलं होतं, आताही. मोहिंदर सुरेश हे पंजाबी वळणाचं नाव चेन्नईच्या माणसाला कुणी दिलं देव जाणे, आणि जन्माने अमेरिकन असलेला सेंधिल राममूर्ती इंग्लंडात शिकून आल्यासारखा बोलतो. पण बाप गेल्यावर त्याच्या मागावर न्यूयॉर्कला येऊन टॅक्सी चालवणारा प्राध्यापक, हे मात्र तिथे राहिलेल्या आपल्या लोकांना पटेल. डिग्र्या असून टॅक्सी चालवणारे आम्ही पाहिलेत.

शेवटाने तर तेव्हा चक्क फसवल्यासारखं वाटलं होतं. तेवीस भाग वाट पाहायची आणि पीटर-सायलरची झुंज दोन मिनिटांत आटपायची? शिवाय पीटरला उडता येतं, मग नेथनने त्याला उचलून आकाशात का न्यावं? लेकीनेही हाच प्रश्न विचारला, मला अगदी बरं वाटलं :) पण नेथन हा लिंडरमनचा हिशेब मान्य करून बसलेला भाऊ. टक्केवारी सोडून तो एका माणसासाठी परत येतो. तेवढ्यासाठी मी तर्काची चूक माफ केली. लेकीने केलेली नाही.

पुढे 2007-08च्या लेखकांच्या संपाने दुसरा सीझन 11 भागांवर आवरला, आणि 2010 मध्ये चौथ्यावर मालिका संपली. मधे सायलरच्या जन्माच्या इतक्या भानगडी काढल्या की ती काचेच्या गोळ्यांवाली आई मागेच पडली. मला ते आवडलं नाही. ती त्याची आईच हवी होती.

लेक म्हणाली दुसरा सीझन लावूया. मी नको म्हटलं. मग तिनेच सांगितलं की तिला कॉलेजनंतर तालुक्याच्या गावी, मावशीच्या शाळेत शिकवायचंय. बरेच दिवस सांगायचं होतं म्हणे. माझ्या तोंडावर 'पण तू तर...' आलं होतं. गिळलं, आणि चहा टाकायला आत गेले.