विलो तोडला, पण गाळ राहिला

पाणथळ जागेत माजलेली झाडे तोडली की ती जागा मोकळी झाली, असा समज सर्वत्र रूढ आहे. हा समज अपुरा होय. अशा जागी उगवणारे झाड हे पुष्कळदा जमिनीच्या बदललेल्या स्थितीचे लक्षण असते, आणि केवळ लक्षण खुडून मूळ दुखणे बरे होत नाही.

काश्मीरमधील वुलर सरोवराचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. झेलम नदी या सरोवरातून वाहते. 20 व्या शतकात तेथील काठच्या दलदलीत जळणासाठी विलोची विस्तृत लागवड करण्यात आली. सह्याद्रीतील ओढ्यांच्या काठी आढळणारे वाळुंज हे झाड त्याच कुळातील आहे. विलोच्या दाट मुळ्यांनी पुराचा गाळ अडविला. गाळ साचून जमीन वर आली आणि त्या जमिनीवर विलो अधिकच फोफावला. दलदलीसह 1911 मध्ये सुमारे 158 चौरस किलोमीटर असलेले हे सरोवर 2007 पर्यंत सुमारे 87 चौरस किलोमीटर उरले. त्यानंतर लक्षावधी विलो तोडण्याची योजना पुढे आली.

येथेच सावधगिरी हवी. विलोचा बुंधा राहिला तर त्याला फुटवे येतात. ओल्या मातीत पडलेली फांदीही मुळे धरते. त्याचे कापसासारखे हलके बी वाऱ्याबरोबर दूर जाते. ते थोडेच दिवस जिवंत राहते. पण तेवढ्यात त्यास उघडा, ओला गाळ मिळाला तर ते रुजते. म्हणजे झाडे तोडून गाळ तसाच उघडा ठेवणे, हे नव्या विलोसाठी वाफा तयार करून ठेवण्यासारखेच आहे. याउलट सतत खोल पाण्याखाली राहिलेले कोवळे रोप तग धरत नाही.

गाळ काढल्याने काय साधते, हेही वुलरमध्येच दिसून आले. 1992 च्या महापुरानंतर तेथील कमळ गाळाखाली गडप झाले होते. अलीकडच्या वर्षांत काही भागातील गाळ उपसल्यावर 2025 मध्ये ते पुन्हा फुलले. कमळाचे देठ विकून पोट भरणाऱ्या काठच्या कुटुंबांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि विलोला सरसकट शत्रू मानणे योग्य नाही. काठच्या खेड्यांना त्यापासून जळण मिळते. म्हणून तोड टप्प्याटप्प्याने व्हावी, बुंधे व गाळ त्याच हंगामात निघावेत आणि तेथे लगेच पाणी यावे. वरच्या उतारांवरील माती धरून ठेवली नाही, तर हा सारा खर्च पुन्हा करावा लागेल.

महाराष्ट्रातील गावतळ्यांनाही हाच न्याय लागू पडतो. बेशरमीचे झुडूप कापून त्याच्या काड्या चिखलातच टाकल्या तर त्या पुन्हा रुजतात. उलट ओढ्याकाठचे वाळुंज काठची माती धरून ठेवते, ते राखणेच हिताचे. तेव्हा कोयता उचलण्यापूर्वी ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी पाणी किती खोल आहे, गाळ किती साचला आहे आणि तो कोठून येतो, हे आधी पाहावे. झाडाचा निर्णय त्यानंतर करावा.