परसातील कोंबडीचे पहिले निदान घरात होते

अकोला-अमरावतीच्या गावांत कोंबडी झुरू लागली की पहिला उपचार घरातच होतो. घरची बाई कांदा-लसूण ठेचून चारते, हळदीचे पाणी पाजते, नाहीतर डब्यात उरलेली माणसांची अँटिबायोटिक कॅप्सूल फोडून भातात कालवते. गाय-बैल दवाखान्यात येतात, कोंबडी येत नाही. येण्याजाण्याचे भाडेच तिच्या किमतीला भिडते. म्हणून ‘घरी औषध देऊ नका’ एवढे बजावून भागणार नाही. घरचा उपचार कुठवर चालतो आणि कुठे थांबवायचा, हे शिकवणे पशुवैद्यक, पशुधन पर्यवेक्षक आणि पशुसखी या आपणा सर्वांचे काम आहे. 2019 च्या पशुगणनेत देशातील परसातील कोंबड्या-बदके 31.7 कोटींवर गेली. आधीच्या गणनेपेक्षा ही वाढ सुमारे 46 टक्के आहे. हा पसारा दवाखान्याच्या दारात कधीच मावणार नाही.

घरी होण्यासारखे पुष्कळ आहे. गोचीड-पिसवांसाठी खुराडे रिकामे करून फटींत चुना मारावा, कोंबड्यांना लोळायला राख द्यावी. देवीच्या फोडांना पोव्हिडोन आयोडीन पुरते. वर्‍हाडात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो. तेव्हा चोच उघडी ठेवून पंख पसरणाऱ्या कोंबडीला सावली आणि गार पाणी हवे, औषध नव्हे. तीन ते आठ आठवड्यांच्या पिलांची विष्ठा रक्ताळ दिसली, तर रक्ती हगवणीची शंका घ्यावी. वेळेवर सांगितलेल्या मात्रेत अँप्रोलियम पाण्यातून दिले आणि जमीन कोरडी ठेवली, तर बरीच पिले वाचतात.

मानमोडीपुढे मात्र घरचे औषध चालत नाही आणि दवाखान्यातलेही नाही. हिरवट पातळ विष्ठा, धाप, लुळा पाय, वाकडी मान आणि चार-पाच दिवसांत एकामागून एक मर, असे चित्र दिसले की प्रतिजैविकांचा मारा व्यर्थ आहे. तरी प्रत्येक वाकडी मान म्हणजे मानमोडी नव्हे. जीवनसत्त्वांच्या अभावानेही मान वळते. ताजा मेलेला पक्षी शवविच्छेदनासाठी मागवा, ग्रंथिल जठरातील रक्तस्राव पाहा. अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेची मदत आपल्याला जवळच आहे. तुरा निळा पडून, तोंड सुजून अचानक मोठी मर झाली, तर मात्र पक्षी उघडू नका, कोणाला हात लावू देऊ नका, लगेच वर कळवा. 2006 मध्ये नवापूर आणि 2021 मध्ये परभणीजवळचे मुरुंबा यांनी बर्ड फ्लूचा धडा दिला आहे. अशा रोगांची खबर देणे 2009 च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगविषयक कायद्याने बंधनकारक आहे. आजारी कोंबड्या घाईने आठवडी बाजारात विकणे हा रोग गावोगाव पोहोचवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे, हे प्रत्येक घरी सांगा.

मानमोडीवर खरा उपाय लसच आहे. पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बीचे इंजेक्शन. अडचण कुपीची आहे: तिच्यात शंभर किंवा अधिक मात्रा असतात, विरघळवल्यावर ती दोनेक तासांत संपवावी लागते आणि एका घरात पक्षी मात्र आठ-दहा. म्हणून गल्ली धरून दिवस ठरवावा, पहाटे कोंबड्या खुराड्यातून सुटण्याआधी सगळी घरे आटोपावीत. मोझांबिक आणि टांझानियात गावातल्याच प्रशिक्षित लोकांनी, स्त्रियांनीसुद्धा, उष्णता सोसणारी आय-टू लस अशीच घरोघर पोहोचवली. धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांसाठी बर्फपेटी घेऊन निघणारी पशुसखी आपणही तयार करू शकतो.

कोलिस्टिनवर 2019 पासून अन्न देणाऱ्या प्राण्यांसाठी बंदी आहे. इतर प्रतिजैविकेही चिठ्ठीशिवाय दिली जाऊ नयेत. उन्हाळ्याआधी प्रत्येक दवाखान्याने आपल्या गावांचे लसीकरणाचे वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावे. त्याच फळ्यावर लक्षणांची यादी आणि आपला फोन नंबर लिहावा. कोंबडी दवाखान्यात येणार नाही, तर निदानाने तिच्याकडे जायला हवे.