समजून घ्या : बारव साफ झाली, आता आतून सिमेंट करायचं का?

गावची जुनी बारव लोकवर्गणीतून साफ होते, फोटो व्हायरल होतात आणि लगेच मागणी येते : ‘आता आतून सिमेंटचा गिलावा करून टाका.’ हेतू चांगला आहे. पण याच कामामुळे बारव ढासळू शकते. करकंब परिसरातल्या गावांनीही जुन्या विहिरी वापरात आणण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं.

मोहीम काय आहे?

रोहन काळे यांनी २०२० मध्ये सुरू केलेल्या महाराष्ट्र बारव मोहिमेतून राज्यभरातल्या पायऱ्यांच्या विहिरींची नोंद होऊ लागली. परभणीच्या सेलू तालुक्यात वालूरच्या गावकऱ्यांनी गाळ-कचऱ्याने बुजलेली चक्राकार बारव मोकळी केली. महाशिवरात्रीला अनेक गावांत बारवांवर दिवे लागतात.

सिमेंट का नको?

अनेक बारवांचे दगड चुन्याशिवाय, एकमेकांत नेमके बसवलेले असतात. जमिनीतलं पाणी या सांध्यांतून झिरपून आत येतं. सांधे बुजवले की ते भिंतीमागे साचतं. ३ मीटर पाणी साचलं, तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे ३ टन दाब येतो. भिंत आधी फुगते, मग कोसळते. झरे बंद होतात ते वेगळंच.

उपसा करताना काय पाहावं?

मोठ्या मोटारी लावून एका दिवसात बारव रिकामी करू नये. आतल्या पाण्याचा आधार जातो. मागची ओली माती मात्र भिंतीला रेटतच राहते. टप्प्याटप्प्याने उपसा करावा. तळाशी प्राणवायू कमी असू शकतो, म्हणून तपासल्याशिवाय कुणालाही उतरवू नये.

परवानगी कुणाची?

बारव संरक्षित स्मारक असेल, तर पुरातत्त्व विभागाची परवानगी आधी घ्यावी लागते. नसेल, तर सातबाऱ्यावर जागा कुणाची ते पाहून ग्रामसभेत ठराव करावा.

आमचं मत

दारात नळ आला आणि बारवेची गरज संपली. मग तिची कचराकुंडी झाली. त्यामुळे नुसती सफाई पुरणार नाही, तिला पुन्हा काम द्यावं लागेल. पाणी झाडांना, जनावरांना द्या. पिण्यासाठी घ्यायचं असेल तर आधी तपासून घ्या. ग्रामपंचायतीने दरवर्षी गाळ काढण्यासाठी अंदाजपत्रकात थोडी रक्कम ठेवावी. बारवेतून रोज पाणी नेणारी माणसं असतील, तर तिथं कचरा टाकणाऱ्याला हटकायला कुणाला नेमावं लागणार नाही.