खुडूक कोंबडीचा मान
कडकनाथचं ‘काळं अंडं’ विकणारा बाजारात भेटला, तर खुशाल पुढं चालू लागा. झाबुआच्या या कोंबडीची कातडी, मांस, हाडंसुद्धा मेलॅनिनमुळं काळी असतात. अंडं मात्र फिकट बदामी. 2018 साली तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं, भावही वधारला. पण ती क्वचितच खुडूक बसते, हे पिल्लं विकणारा सांगत नाही. सुधारित वनराजा आणि गिरिराजचीही तीच तऱ्हा. मग अंडी उबवायला आपली गावरान, नाहीतर भांडकुदळ असील, हिचेच पाय धरायचे. मानमोडीची साथ मात्र जात बघत नाही. पंख लोंबलेले, चोच उघडी टाकून चाललेला श्वास, हिरवट हगवण, पिळवटलेली मान. एवढं दिसेपर्यंत अर्धं खुराडं हातचं गेलेलं असतं. तिच्यावर औषध नाही, आहे ती लस. पाच-सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात लासोटाचा एक थेंब, तोही बर्फात आणलेल्या कुपीतला. शर्टाच्या खिशातून उन्हातान्हात आलेली लस दिली काय, न दिली काय! आणि बाजारातून आणलेला नवा कोंबडा कितीही देखणा असो, निदान पंधरा दिवस वेगळाच डालून ठेवा.